नैवाशा सरोवराच्या सहलीत झालेली फसवणूक

केनियातील नैवाशा हे गोड्या पाण्याचे सरोवर नैरोबीपासून सुमारे ९० किलोमीटरवर, रिफ्ट खोऱ्यात आहे. पाणघोडे, मत्स्यगरुड आणि काठावरचा निवांतपणा यांसाठी मसाई माराला जाणारी मराठी कुटुंबेही आता तेथे एक-दोन मुक्काम ठेवू लागली आहेत, म्हणून आमचा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ज्या स्थानिक आयोजकाने आम्हाला फसवले त्याचे खोटे पकडणे कठीण होते, कारण त्याचे प्रत्येक विधान अर्धे खरे असे.

ठरली होती सरोवराकाठची कॉटेज. उतरवले गावातल्या रस्त्यालगतच्या लॉजवर. पाणी वाढल्यामुळे रिसॉर्ट बंद आहे, असे कारण देण्यात आले. २०२० पासून नैवाशाचे पाणी वाढून काठच्या वस्त्यांत शिरले, ही गोष्ट खरीच आहे. मात्र आम्ही रिसॉर्टला फोन केला तेव्हा ते सुरू असल्याचे आणि आमच्या नावाने कधीच आरक्षण झाले नसल्याचे समजले.

नौकाविहाराचा दर आयोजकाने ‘एका बोटीचा’ म्हणून सांगितला होता. पाणघोड्यांचा कळप पाहून परतताना नावाड्याने तोच दर ‘माणशी’ असल्याचे सांगितले आणि क्रेसेंट आयलंडचे प्रवेशशुल्कही वेगळे मागितले. ते अभयारण्य खासगी असल्याने वेगळे शुल्क रास्तच आहे, आणि मोठे शिकारी प्राणी नसल्यामुळे जिराफ-झेब्र्यांमधून पायी हिंडण्याचा जो आनंद तेथे मिळतो तो पैसे मोजण्याजोगा आहे; परंतु आमच्या ‘सर्वसमावेशक’ दरात ते आधीच धरलेले होते.

खरी लबाडी झाली ती नाकुरू राष्ट्रीय उद्यानाच्या तिकिटांत. केनिया वन्यजीव सेवेच्या दारावर रोख रक्कम घेत नाहीत, म्हणून डॉलर माझ्याकडे द्या, मी मोबाइलवरून भरतो, असे चालक म्हणाला. रोख घेत नाहीत हे खरे आहे. शुल्क सरकारच्या ई-सिटिझन व्यवस्थेतूनच भरावे लागते. त्याने आमच्याकडून परदेशी पर्यटकांचा दर घेतला आणि तिकिटे काढली केनियन नागरिकांची, जी कितीतरी पटींनी स्वस्त असतात. भारतीय वंशाची असंख्य कुटुंबे केनियात पिढ्यान्‌पिढ्या राहत असून त्यांतील अनेक जण तेथील नागरिक आहेत, त्यामुळे आपल्या चेहऱ्यांकडे पाहून दारावर सहसा कोणी हटकणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. रक्षकाने ओळखपत्रे मागितली, आम्ही पासपोर्ट पुढे केले आणि फरकाची पूर्ण रक्कम आम्हालाच भरावी लागली. तिकिटावर नागरिक, रहिवासी की अनिवासी हे लिहिलेले असते. ते दारापाशी पोहोचण्यापूर्वीच मागून वाचावे, किंवा पैसे स्वतःच ऑनलाइन भरावेत.

आत गेंडे दिसले, तेही अगदी जवळून, ही जमेची बाजू. जाहिरातीतला रोहित पक्ष्यांचा गुलाबी किनारा मात्र दिसला नाही. उद्यानातल्या नाकुरू सरोवराचे पाणी वाढून त्याचा खारेपणा घटला, रोहितांचे खाद्य असलेले शेवाळ कमी झाले आणि त्यांचे मोठे थवे बोगोरियासारख्या सरोवरांकडे वळले. आयोजकाला हे ठाऊक होते, कारण त्याच संध्याकाळी त्याने ‘खास बोगोरिया फेरी’ जादा पैशांत देऊ केली. आम्ही ती नाकारली.

केनियात सहल आयोजकांना पर्यटन नियामक प्राधिकरणाचा परवाना लागतो. आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी त्या परवान्यावरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव एकच आहे का, हे पाहावे. आमचे पैसे एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते, आणि परतावा मागितल्यावर त्या व्यक्तीशी आपला काहीही संबंध नसल्याचे उत्तर आयोजकाने दिले. प्राधिकरणाकडे तक्रार केली आहे. रक्कम अद्याप मिळालेली नाही.