लसूणघासाच्या गोळ्या: दूध वाढलं, पण गाई उलटल्या

शिमगा झाला की आमच्याकडे हिरव्याचं नाव उरत नाही. गुहागरच्या आमच्या कातळावर लसूणघास (ल्युसर्न) धरत नाही आणि नुसत्या भाताच्या पेंढ्यावर जर्सी दूध देत नाही. म्हणून यंदा मार्चमध्ये घाटावरून येणाऱ्या लसूणघासाच्या गोळ्या आणल्या. २५ किलोचं पोतं, ७५० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीपुरतं नाही.

माल चांगला होता, हे आधी सांगते. पोतं सोडलं की सुकवलेल्या मेथीसारखा वास. भुगा कमी, पाण्यात टाकल्या की लगेच फुलतात, गाई घमेलं चाटून लख्ख करतात. दोन गाईंचं मिळून दिवसाला दोन लिटर दूध वाढलं. मी खूश. गाईंना तीन-तीन किलो, चंद्री कालवडीला दोन किलो, असं रोज चालू ठेवलं.

मेमध्ये दोन्ही गाई भरवल्या, म्हणजे गाभण राहण्यासाठी फळवल्या; दोन्ही २१ दिवसांनी उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. पुढे एकीचा तर माज कधी सुरू होतो, कधी संपतो तेच कळेना, सारखा सोट (माजातला चिकट स्राव). आणि चंद्री! तिला अजून एकदाही भरवलेली नाही, तरी जूनच्या सुरुवातीला तिची कास भरली, निरण (योनीचं बाहेरचं तोंड) सुजून लोंबलं. सड हलकेच दाबला तर पिवळसर, चिकट थेंब बोटावर आला. मला वाटलं, चरायला सोडली तेव्हा कुठेतरी गाभण राहिली.

डॉक्टरांनी हात घालून तपासलं. गर्भ नाही. एका गाईच्या बीजांडावर मात्र पाण्याची गाठ. खनिज मिश्रण मी वर्षभर घालते हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, खायला नवीन काय सुरू केलंत?"

लसूणघासात कुमेस्ट्रॉल नावाचं द्रव्य असतं. शरीरात इस्ट्रोजेन, म्हणजे मादीचं संप्रेरक, जिथे बसून काम करतं, तिथेच हेही जाऊन बसतं. जोर खऱ्या इस्ट्रोजेनपेक्षा पुष्कळ कमी, पण गाय ते किलोंनी खाते, तेही रोज. मग कास भरते, निरण सुजतं आणि बीज सुटण्याचा मेंदूकडून येणारा इशारा चुकतो. पिकावर मावा पडला किंवा पानांवर बुरशीचे ठिपके आले की हे द्रव्य आणखी वाढतं. माझी खरी तक्रार इथेच आहे. हिरवी पेंडी घेतली तर ठिपके, मावा डोळ्यांना दिसतो. गोळीत सगळं दळून एक झालेलं. पोत्यावर प्रथिनं छापलीत, पण भरवायच्या जनावराला किती द्यावं यावर एक ओळ नाही.

हे काही नवीन नाही. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात सबटेरेनियन क्लोव्हर नावाच्या चाऱ्यावर मेंढ्यांचे कळप वांझ झाले होते. त्यातलं फॉर्मोनोनेटिन नावाचं द्रव्य मेंढीच्या पोटातले जीवाणू इक्वॉल नावाच्या द्रव्यात बदलतात आणि ते इस्ट्रोजेनसारखं वागतं. न व्यालेल्या मेंढ्यांना, इतकंच काय खच्ची केलेल्या नरांनाही दूध सुटलं होतं. हे ऐकलं तेव्हा चंद्रीचा तो थेंब डोळ्यांसमोर आला.

त्याच दुकानातून आणलेला मक्याचा भरडाही डॉक्टरांनी बघितला. तळाला गुलाबी झाक, कुबट वास. मक्यावरच्या फ्युजेरियम बुरशीतून झिअरालेनोन तयार होतं, तेही इस्ट्रोजेनसारखंच. उन्हात घालून किंवा शिजवून ते जात नाही. ते पोतं मी खड्ड्यात पुरलं. आपल्या पावसाळी हवेत मका जूनच्या आत संपेल एवढाच घ्या, आणि पोतं जमिनीवर नको, फळीवर ठेवा.

घरात लगेच सोयावड्या बंद करायची भाषा सुरू झाली, मुलाला कोणीतरी घाबरवलं होतं. मी थांबवलं. सोयाबीनमध्ये जेनिस्टीन, डेडझीन ही इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात हे खरं. पण पुरुषांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सोयामुळे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) घटल्याचं दिसलं नाही. आठवड्यातून एकदा वाटीभर खाणं वेगळं आणि रोज तीन किलो खाणं वेगळं.

गोळ्या आणि भरडा त्याच दिवशी बंद केले. गाठीवर औषधोपचार झाला. जुलैअखेर चंद्रीची कास उतरली. ऑगस्टमध्ये दोन्ही गाई पुन्हा भरवल्या, ऑक्टोबरच्या तपासणीत दोघीही गाभण निघाल्या. चंद्रीचे दोन माज सरळ दिसल्याशिवाय तिला भरवणार नाही.

पाचपैकी तीन गुण देते. दुधाला माल खरा आहे, पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा घेणार. पण जिला भरवायची आहे तिच्यापुढे आधीचे दीड-दोन महिने एकही गोळी नाही, आणि कालवडीला तर मुळीच नाही.