शेतातला सौरपंप की सौर वाहिनी?

रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन, साप-विंचवाची भीती बाळगत मोटार चालू करायला जायचं, हे ज्यानं केलंय त्याला दिवसाच्या विजेचं मोल वेगळं सांगायला नको. तिथं पोचायच्या राज्यात सध्या दोन वाटा आहेत.

पहिली, 'मागेल त्याला सौर कृषीपंप'. शेतकऱ्यानं 10 टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातींना 5), बाकी अनुदान. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्ती, पाचपर्यंत 5, पुढे साडेसात. वायर नाही, बिल नाही, रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) जळायची कटकट नाही. पण पावसाळी ढगात पाण्याची धार बारीक होते, पॅनेल आपणच पुसायचे, आणि पाणी द्यायचं नसतं तेव्हा तयार होऊ शकणारी वीज वाया जाते. माझ्या मते हीच खरी उधळपट्टी.

दुसरी, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0. वीज उपकेंद्राजवळ मोठा सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिनीलाच, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाइनलाच, दिवसा वीज द्यायची. मोटार जुनीच चालते, उरलेली वीज ग्रीडमध्ये जाते. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये, दरवर्षी 3 टक्के वाढ; माळरानाला एवढं कोण देतं? तारा आणि रोहित्रं मात्र तीच जुनी.

विहीर खांबापासून लांब असेल तर पंप घ्यावा. जोडणी आधीपासून असेल, तर मी वाहिनीचीच वाट पाहीन.