जोन्स रोग: शेणाची पीसीआर की रक्ताची एलायझा?

ताडोबाच्या कडेला गायी राखणाऱ्या भावाचा फोन आला. गाय चारा खाते, तरी पातळ हगते, वाळत चालली. जंताचं औषधही देऊन झालं. जोन्सची, म्हणजे जंतूमुळे होणाऱ्या आतड्याच्या जुनाट रोगाची शंका आहे, कोणती तपासणी करू?

कल्चरची, म्हणजे शेणातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची वाट पाहू नको म्हटलं. हा जंतू वाढायला दोन-चार महिने सहज घेतो.

खर्चात एलायझा परवडते. वेळेत दोन्ही सारख्याच. खरा फरक पकडीत आहे. एलायझा रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं शोधते. ती उशिरा तयार होतात, म्हणून लहान वयातल्या जनावराची एलायझा निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नये. क्षयाची त्वचा-चाचणी नुकतीच झाली असेल, तर एलायझाचा निकाल चुकू शकतो. पीसीआर शेणातला जंतूच त्याच्या डीएनएवरून शोधते. पण जनावर तो रोज बाहेर टाकत नाही, म्हणून एका निगेटिव्हवर विसंबू नको.

त्याच रानात चरणाऱ्या चितळ-गव्यांची तपासणी करायची तर रक्त काढायला त्यांना बेशुद्ध करावं लागतं. ताज्या लेंड्या, शेण मात्र जमिनीवरून उचलता येतं, तिथे पीसीआरच.

अख्खा कळप चाळायचा तर एलायझा, पॉझिटिव्ह निघालेल्यांची पीसीआर. तुझ्या एकट्या हगणाऱ्या गाईसाठी थेट पीसीआर कर भाऊ, आणि वासरं आजच तिच्यापासून वेगळी बांध.