स्कॉट पिल्ग्रिम: पहिल्याच संध्याकाळी डिलीट करू नका

गेल्या पावसाळ्यापासून ‘स्कॉट पिल्ग्रिम व्हर्सेस द वर्ल्ड: द गेम’ची कम्प्लीट एडिशन आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या खोलीवर चालू आहे. स्टोअरवरचे बरेच रिव्ह्यू तासा-दोन तासांत लिहिलेले दिसतात, आणि या गेमचे पहिले दोन तास सगळ्यात वाईट आहेत. म्हणून हे लिहितोय.

व्हिडिओ पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ खेळलेल्यांना प्रकार समजावून सांगायला नको. डावीकडनं उजवीकडं चालायचं, येईल त्याला हाणायचं, शेवटी बॉस म्हणजे सगळ्यात दांडगा शत्रू. मुस्तफाचा तो गेमसुद्धा कॉमिकवरनंच आलेला, बरं का. मार्क शुल्ट्झच्या ‘झेनोझोइक टेल्स’वरनं कॅपकॉमनं १९९३ साली काढला होता. इथं कॉमिक आहे ब्रायन ली ओ’मॅलीचं, २००४ ते २०१० मध्ये आलेले सहा भाग. टोरांटोतला एक बेकार, बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा पोरगा रमोना नावाच्या पोरीच्या प्रेमात पडतो आणि तिच्या सात जुन्या प्रियकरांशी, म्हणजे त्यातली एक पोरगीच आहे, त्याला मारामारी करायला लागते. गेम २०१० चा. डिसेंबर २०१४ मध्ये तो ऑनलाइन दुकानांतनं काढला, त्यानंतर पैसे हातात घेऊन फिरला तरी नवीन मिळत नव्हता. जानेवारी २०२१ मध्ये हीच कम्प्लीट एडिशन म्हणून परत आला, पीसीच्या स्टीम या ऑनलाइन दुकानात २०२३ मध्ये.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला स्कॉट अगदीच लेचापेचा आहे. चाल संथ, हातात दोन-चार साधे डाव, आणि एकदा खाली पडला की उठायच्या आत दुसरा येऊन तुडवतो. पहिल्या लेव्हलच्या बर्फाच्या रस्त्यावरच आमची पोरं वैतागली. पण मेलेल्या प्रत्येक शत्रूतनं नाणी सांडतात, आणि वाटेत दुकानं आहेत. तिथं खायचं विकत घेतलं की ताकद, बचाव, वेग, जिगर यातलं काहीतरी कायमचं वाढतं. तालमीतल्या पोरांना हे पटकन कळलं: आधी खुराक, मग कुस्ती. जुन्या लेव्हल परत खेळायच्या, पैसे जमवायचे, पोटभर खायचं आणि मग बॉसला भिडायचं. पात्राची स्वतःची लेव्हल सोळा होईपर्यंत नवे डाव उघडत जातात. त्यानंतर हाच गेम असा काही पळतो की बोलायची सोय नाही.

एक खोट मात्र अजून खटकते. दुकानातली वस्तू काय वाढवणार ते विकत घेईपर्यंत कळत नाही. जुन्या गेमची परंपरा असेल, पण आमच्या भावड्यानं जमवलेले सगळे पैसे भलत्याच गोष्टीवर उडवले आणि नंतर अर्धा तास कुणाशी बोलला नाही.

चौघांत खेळणं हा या गेमचा खरा जीव. पैसे एकमेकांना देता येतात, पडलेल्याला उठवता येतं. त्यामुळं मारामारीपेक्षा भांडणं जास्त. नाणी सांडली की चौघंही शत्रूला सोडून तिकडंच धावतात, तेवढ्यात मागनं कुणीतरी कचऱ्याचा डबा फेकून मारतो. “अरे उठीव की मला!” “आधी माझं पैसं दे!” हे रोजचं. टॉड इंग्राम हा बॉस आला तेव्हा तर खेळच थांबला. हा गडी व्हीगन, म्हणजे मांस सोडाच, दूध-तूपही न खाणारा असल्यामुळं त्याला अद्भुत शक्ती मिळालेली असते. आमचा एक दोस्त, ज्याचा रविवार तांबड्या-पांढऱ्याशिवाय उगवत नाही, तो कंट्रोलर खाली ठेवून म्हणाला, “भावा, दूध-तूपसुद्धा नाही? मग ह्याच्या अंगात जोर आला कुठनं?” त्या नादात आम्ही चौघंही मेलो.

पॉल रॉबर्टसनची पिक्सेल चित्रं जवळ जाऊन बघावीत अशी. मागं उभी असलेली फालतू माणसंसुद्धा काहीतरी उद्योग करत असतात. अनामानागुची या बँडचं संगीत जुन्या निन्टेन्डोच्या आवाजातलं, पण गिटार-ड्रमच्या जोडीला. लाइट गेली, टीव्ही बंद पडला तरी कुणीतरी ती धून गुणगुणत बसलेला असतो.

ऑनलाइन खेळायच्या फंदात आम्ही फार पडलो नाही. आमच्या खोलीवरच्या नेटवर ठोसा आत्ता मारला तर लागतो पुढच्या चौकात. एकट्यानं खेळणाऱ्यांनी सेलमध्येच घ्यावा. पैसे जमवायचा भाग एकट्याला फार कंटाळवाणा होतो, आणि शेवटचा बॉस गिडियन एकदा मारून मरत नाही. कंट्रोलर मात्र बरे घ्या. बटणं बदडायचा गेम आहे, स्वस्तातला एक आमच्याकडं दिवाळीपर्यंतसुद्धा टिकला नाही.

प्रत्येक पात्राची कमाई वेगळी असते, त्यामुळं स्कॉट पैलवान झाला तरी बाकीचे हडकुळेच. सध्या स्कॉटच्या बँडमधली ड्रमवाली किम पाइन घेतलीय आणि परत त्याच बर्फाच्या रस्त्यावर मार खातोय.