शिकारीच्या हंगामांचे ॲप : खारींच्या बाबतीत अपुरे

अमेरिकेतील शिकारीचे हंगाम राज्यवार दाखवणारे हे ॲप वापरायला सुटसुटीत असले, तरी खारींच्या बाबतीत ते शरद ऋतूपलीकडे जवळजवळ पाहतच नाही आणि ही उणीव मला गंभीर वाटते. मिसूरीत हा हंगाम मे महिन्याच्या चौथ्या शनिवारी सुरू होऊन १५ फेब्रुवारीपर्यंत चालतो. केंटकीत मात्र वसंतातला वेगळा, छोटा हंगाम मेच्या तिसऱ्या शनिवारपासून जूनच्या तिसऱ्या शुक्रवारपर्यंतच असतो. ॲपमधील केंटकीच्या पानावर त्याचा उल्लेखही नाही.

लुइझियानाच्या पानावरील चूक तर थेट कायदा मोडायला लावणारी आहे. तिथे शरदात दिवसाला आठ खारींची मुभा असली, तरी वसंतात ती तीनवर येते. ॲप दोन्ही वेळा आठच दाखवते. माद्यांची पिले लहान असण्याच्या काळात मर्यादेचा आकडा चुकणे मला अक्षम्य वाटते.

नकाशे आणि सूर्योदयाच्या वेळा चोख आहेत, हे मान्य करायलाच हवे. तारखा आणि मर्यादा यांसाठी मात्र संबंधित राज्याच्या वन्यजीव विभागाची चालू वर्षाची नियमपुस्तिकाच पाहावी.