ओट्याखालचा कार्बन फिल्टर: पावसाळा ते होळी

पावसाळ्याच्या तोंडावर दांडिया बाजारातल्या घरी नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कार्बनचा फिल्टर बसवला. होळी होऊन गेली, आता नीट सांगता येईल.

बडोद्याला पाणी आजवा तलावातून आणि मही नदीकाठच्या विहिरींतून येतं. पावसाळ्यात आमच्या नळाला ओल्या मातीचा वास येतो. शेवाळ आणि मातीतले सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं रसायन सोडतात. लिटरमागे पाच-दहा नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. आई पाणी रात्रभर कळशीत ठेवायची, त्याने क्लोरीनचा वास उतरायचा, मातीचा नाही. फिल्टरने दोन्ही वास गेले. श्रावणात पहिल्यांदाच चहा चहासारखा लागला, हे आईचं प्रमाणपत्र.

विक्रेते 'कार्बन प्रदूषण नष्ट करतो' असं सांगतात, ते मात्र मला पटत नाही. क्लोरीनचं तो खरोखर क्लोराइड करतो, पण सेंद्रिय रेणू बहुतेक नुसते धरून ठेवतो. एका ग्रॅम कार्बनमधल्या छिद्रांचा पृष्ठभाग साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे असतो. रेणू तिथे चिकटतात. कारखान्यांच्या सांडपाण्यात कार्बनसोबत पेरॉक्साइड किंवा परसल्फेट वापरलं तर रेणू तुटतातही. घरच्या फिल्टरमध्ये तसं काही घडत नाही. म्हणून जागा भरली की कार्ट्रिज बदलायचंच, धुऊन उपयोग नाही.

आणि जागा भरल्याचं कळत नाही, ही यातली सगळ्यात गंभीर गोष्ट. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर इथे निरुपयोगी आहे, कारण कार्बन क्षार काढतच नाही. आकडा पहिल्या दिवशीही तोच, आजही तोच. क्लोरीन तपासायची पट्टीही अर्धंच सांगते. क्लोरीन काढण्याची ताकद बराच काळ टिकते, पण क्लोरीन आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश मिळून होणारी क्लोरोफॉर्मसारखी रसायनं कार्बनला सैलसर चिकटतात आणि खूप आधी निसटू लागतात. वास येईपर्यंत थांबायचं नाही. कंपनीने दिलेली लिटरची मर्यादा मी कमाल धरते आणि त्याआधीच बदलते.

वापरताना लक्षात आलेलं आणखी थोडं. नवं कार्ट्रिज घातल्यावर आधी काळं पाणी येतं, ते स्वच्छ होईपर्यंत सोडून द्यावं. तोटी पूर्ण उघडली की पावसाळ्यात वास किंचित जाणवायचा. कार्बनला पाण्याचा सहवास पुरेसा मिळावा लागतो, धार बारीक ठेवली की फरक पडतो. आधी पाच मायक्रॉनचा गाळाचा फिल्टर हवाच. आमचा भाद्रपदात तपकिरी झाला होता, तो सगळा गाळ कार्बनच्या छिद्रांत बसला असता.

क्लोरीन गेलं की पाण्याचं जंतूंपासून संरक्षणही जातं. दिवाळीत गावाला जाऊन आलो तेव्हा फिल्टरमध्ये साचलेल्या पाण्याला कुबट वास होता. म्हणून फिल्टर वरच्या टाकीआधी लावू नका, पिण्याच्या नळापाशीच लावा आणि पुढे जंतू मारणारा यूव्ही दिवा ठेवा. आमच्याकडे यूव्ही नाही, आम्ही पाणी उकळतो. बाहेरगावाहून आल्यावर बराच वेळ पाणी सोडून देतो.

महापालिकेचं पाणी असेल तर मी हा फिल्टर मनापासून सुचवेन. बोअरचं जड पाणी, फ्लोराइड किंवा नायट्रेट ही तक्रार असेल तर घेऊ नका, त्यावर आरओ लागतो.