मॉडेलिंगचं काम शोधताना: इन्स्टाग्राम, कास्टिंग ग्रुप, फेसबुक आणि मॉडेल मेहेम यांची पारख

मुंबईत मॉडेलिंगचं काम आता बहुतेकदा फोनवरच येतं. वर्सोव्याच्या आरामनगरात, म्हणजे कास्टिंग कार्यालयांच्या वस्तीत, दारोदार फोटो देत फिरण्यापेक्षा इन्स्टाग्रामवर नीट प्रोफाइल ठेवणं आणि शूटसाठी मॉडेल शोधणाऱ्या चार कास्टिंग ग्रुपमध्ये असणं नक्कीच सोपं आहे. पण काम देणारा कोण आहे, याची चौकशी करून त्याला आत घेणारी जागा यांत एकही नाही. ती चौकशी मॉडेललाच करावी लागते. म्हणून इथे कसोटी एकच लावली आहे: समोरच्याला पडताळायला ती जागा किती मदत करते?

या कसोटीवर इन्स्टाग्राम सगळ्यांत पुढे आहे. प्रोफाइलमधून ‘या खात्याविषयी’ उघडलं, की खातं कधी सुरू झालं आणि हँडल (@ नंतरचं नाव) आधी बदललंय का, हे बहुतेक वेळा दिसतं. दोन महिन्यांपूर्वीचं खातं, चाळीस हजार फॉलोअर आणि तीनदा बदललेलं नाव असं दिसलं, तर ते खातं विकत घेतलेलं असण्याची शक्यता मोठी. निळ्या खुणेवर विसंबू नका. जून २०२३ पासून भारतात ती दरमहा पैसे भरून मिळते. त्या माणसाचं ओळखपत्र पाहिलंय, एवढंच ती सांगते. तो कास्टिंग करतो की नाही, हे त्यातून कळत नाही.

खरी माहिती मिळते ती टॅग केलेल्या फोटोंमध्ये. स्वतःच्या पानावर कुणीही काहीही लावू शकतो, पण ज्या मॉडेल, मेकअप आर्टिस्ट आणि फोटोग्राफरनी आपल्या कामाखाली त्याला टॅग केलंय, ती साखळी बनवणं कठीण. त्यातल्या तिघींना मेसेज करून तीन गोष्टी विचारा: पैसे किती दिवसांनी आले, शूट ठरलेल्या ठिकाणीच झालं का, आणि सेटवर आणखी कोण होतं. ‘काम केलेल्या मॉडेल’ची नावं त्याच्याकडून मागू नका, स्वतः शोधा. त्यानं दिलेली तिन्ही खाती त्याचीच असू शकतात. नामांकित कास्टिंग डायरेक्टरच्या नावात एखादं अक्षर किंवा अधोरेषा घुसवून केलेली नक्कल ही इथली नेहमीची फसवणूक आहे, म्हणून हँडल अक्षर न् अक्षर वाचावं. ब्रँडचं नाव सांगितलं, तर त्या ब्रँडच्या वेबसाइटवरचा कार्यालयाचा नंबर शोधून फोन करावा. मेसेजमध्ये आलेल्या नंबरवर केलेली चौकशी म्हणजे चोरालाच चोरीबद्दल विचारणं.

इन्स्टाग्रामचा मोठा दोष म्हणजे मेसेज गायब होण्याची सोय. पैशांचं किंवा कपड्यांचं बोलणं सुरू होताच ईमेलवर लिहून मागा. ज्याच्याकडे खरं काम आहे, त्याला यात अडचण नसते. आलेल्या ईमेलमध्ये ब्रँडचं नाव पुढे आणि शेवटी जीमेल असेल, तर तो ब्रँडचा ईमेल आहे असं धरू नका.

व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या कास्टिंग ग्रुपचं उलट आहे. दिवसाला कामाच्या पन्नास जाहिराती येतील, पण पडताळायला जवळपास काहीच नाही. ‘मुलगी, २२ ते २८, मराठमोळा चेहरा, एक दिवस शूट, इंट्रो पाठवा’ (म्हणजे ओळखीचा छोटा व्हिडिओ) अशी जाहिरात पाच कोऑर्डिनेटरांच्या, म्हणजे मॉडेल मिळवून देणाऱ्या मध्यस्थांच्या, हातून फिरून येते आणि मूळ कुणाचं, हे कुणालाच सांगता येत नाही. याच गर्दीत खोटी जाहिरात मिसळून जाते. म्हणून उत्तर देण्याआधी विचारा: प्रॉडक्शन हाउस कोणतं, कास्टिंग कोण करतंय, फी कोण देणार आणि किती दिवसांत? प्रॉडक्शन हाउस कंपनी असेल, तर नावावरून कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नोंदणी तपासता येते, आणि जीएसटी क्रमांक मागून घेतला, तर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवरही. सुरुवातीला ब्रँडचं नाव गुप्त ठेवतात, ते चालतं. पण ऑडिशन कुठे आणि कोण घेणार, हेही गुप्त असेल तर पुढे जाऊ नका.

ग्रुपमध्ये राहायचंच, तर कामासाठी वेगळं सिम घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतो. टेलिग्राममध्ये नंबर ‘कुणालाही नाही’ असा लपवता येतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं आणि प्रोफाइल फोटो कुणाला दिसतो, या दोन्ही ठिकाणी ‘माझे संपर्क’ निवडा. इंट्रो व्हिडिओत नाव, वय, उंची, शहर पुरे. मोबाइल नंबर आणि राहण्याचा भाग कॅमेऱ्यासमोर बोलू नका, कारण तो व्हिडिओ वर्षभर ग्रुपमधून फिरत राहतो. आणखी एक बारीक गोष्ट फार जणींच्या लक्षात येत नाही. कास्टिंगवाले फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागतात, म्हणजे दर्जा उतरत नाही. पण तसा पाठवला, की कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असल्यास फोटोसोबत तो काढल्याचं ठिकाण, म्हणजे घरी काढला असेल तर घराचा ठावठिकाणाही, जातो. फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा.

सुरुवातीला महागडा पोर्टफोलिओ लागत नाही. साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, अंगाला बसणाऱ्या साध्या कपड्यांत, मेकअपशिवाय काढलेले पाच-सहा फोटो पुरतात: चेहरा समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा समोरून आणि पाठमोरा. सोबत उंची, छाती-कंबर-नितंबाची मापं आणि बुटाचा नंबर. ‘सिलेक्शन झालंय, फक्त आमच्या फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करून घ्या’ असं कुणी म्हणालं, तर त्याचा धंदा फोटो विकण्याचा आहे. व्हिडिओ कॉलवर ‘बॉडी चेक’ ही मागणी तर साफ नाकारा. मापं टेपनं घेतात. त्यासाठी कपडे उतरवायला लागत नाहीत आणि तो कॉल पलीकडे रेकॉर्ड होत असू शकतो. अंतर्वस्त्रांचं किंवा स्विमवेअरचं काम असेल, तर ते आधी लेखी सांगतात आणि त्याच्या चाचण्या कार्यालयात, इतर माणसं हजर असताना होतात.

पैशांची चाल ठरलेली असते. आर्टिस्ट कार्ड, नोंदणी, कॉस्च्युम डिपॉझिट, हॉटेल बुकिंग, आगाऊ टीडीएस (फीमधून कापला जाणारा कर), दर वेळी नाव वेगळं. रक्कम मुद्दाम लहान आणि ‘परत मिळणारी’ असते, म्हणजे गेली तरी कुणी तक्रारीला जात नाही. टीडीएस पैसे देणारा कापतो, मॉडेलनं तो आधी भरायचा नसतो. कोऑर्डिनेटरचं कमिशन फीमधून जातं, काम झाल्यावर. यूपीआयवर पैसे मिळवण्यासाठी पिन टाकायला किंवा क्यूआर कोड स्कॅन करायला लागत नाही. आधार द्यावंच लागलं, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. पॅन आणि रद्द चेक बिलाच्या वेळी लागतात, ऑडिशनला नाही. खऱ्या कामाचे पैसेही साठ-नव्वद दिवसांनी येतात, म्हणून फी, शूटचे तास, फोटो कुठे, कोणत्या देशांत आणि किती काळ वापरणार, एआयनं कृत्रिम चेहरे बनवायला वापरणार का, हे सगळं शूटच्या आधी ईमेलवर असू द्या.

फेसबुकवर वेळ घालवावा असं आम्हाला वाटत नाही. एकच सोय चांगली: ग्रुपच्या माहितीत तो कधी बनला आणि त्याचं नाव कधी बदललं, हे दिसतं. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा ग्रुप अचानक कास्टिंगचा झालेला सापडतो. लहान मुलांच्या मॉडेलिंगच्या जाहिरातींपासून पालकांनी इथे विशेष जपावं. बालकलाकाराच्या कामासाठी निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. मोबदल्याचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकावा लागतो. परवानगीचा कागद मागा. पोर्टफोलिओचं पॅकेज विकणाऱ्याला तो विषयच माहीत नसतो.

मॉडेल मेहेम ही मुख्यतः अमेरिकेतली, मॉडेल आणि फोटोग्राफरना जोडणारी जुनी साइट. परदेशात शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना विनामोबदला, फोटोंच्या बदल्यात होणाऱ्या शूटसाठी ती उपयोगी पडते. पण तिचा इतिहास माहीत असावा. फ्लोरिडातल्या दोन माणसांनी खोट्या ऑडिशनचं आमिष दाखवून मुलींना बोलावलं, गुंगीचं औषध दिलं, अत्याचार केले आणि त्याचं चित्रीकरण केलं. दोघांनाही जन्मठेपा झाल्या. साइटच्या मालक कंपनीला या टोळीची माहिती असूनही तिनं सभासदांना सावध केलं नाही, असा आरोप करत एका पीडितेनं दावा लावला. २०१६ मध्ये अपील न्यायालयानं तो पुढे चालवण्यास परवानगी दिली. दुसऱ्या शहरात बोलावणं आलं, तर परतीचं तिकीट स्वतः काढा, सोबत माणूस न्या आणि तिथे दिलेलं पेय घेऊ नका. ब्रिटनमध्ये तर मॉडेलकडून काम शोधून देण्याची आगाऊ फी घेणंच बेकायदा आहे.

भेटीचा दिवस कुठल्याही साइटवरून ठरो, ठिकाण स्टुडिओ किंवा कार्यालय असावं, वेळ दिवसाची. ऐनवेळी ‘स्टुडिओ मिळाला नाही, हॉटेलवर या’ असा फोन आला, तर तिथूनच परत फिरा. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन घरच्या माणसाला आठ तासांसाठी लावून ठेवा. एक तासाचा पर्याय ऑडिशनच्या रांगेतच संपतो.

फसवणूक झालीच, तर ब्लॉक करण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करा, प्रोफाइलची लिंक कॉपी करा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) जपून ठेवा. पैसे गेले असतील, तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच हाती लागते. फोटोंवरून धमकी असेल, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. अठरा वर्षांवरच्यांसाठी स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा खासगी (नग्न) फोटो फोनबाहेर न नेता त्याचा डिजिटल ठसा बनवते आणि इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या सहभागी साइट्स त्या ठशावरून तो फोटो अडवतात. अठराखालच्यांसाठी असंच काम ‘टेक इट डाउन’ करते. दोन्हींसाठी मूळ फोटो फोनमध्ये असावा लागतो, म्हणून घाबरून तो पुसू नका.